ह्यूस्टन रॉकेट्सचे सलग बावीस विजय

जानेवारी २००८ संपत आला तेव्हा ह्यूस्टन रॉकेट्स हा अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेतला बेताचाच संघ होता. ४४ सामन्यांत २४ विजय, २० पराभव आणि पश्चिम विभागात दहावा क्रमांक. प्लेऑफला, म्हणजे बाद फेऱ्यांना, मात्र तेव्हा विभागातले पहिले आठच संघ जात. २९ जानेवारीला या संघाने एक सामना जिंकला आणि मग थेट १६ मार्चपर्यंत तो एकदाही हरला नाही.

या शहराने मोठे दिवस पाहिले होते. हकीम ओलाजुवानच्या जोरावर रॉकेट्सनी १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली होती. १९९७ नंतर मात्र त्यांना प्लेऑफची एकही फेरी जिंकता आली नाही. २००२ मध्ये चीनचा ७ फूट ६ इंच उंचीचा याओ मिंग आला, दोन वर्षांनी ट्रेसी मॅकग्रेडी आला, आशा पुन्हा पालवली. पण २००५ आणि २००७ या दोन्ही वर्षी संघ पहिल्याच फेरीच्या सातव्या, निर्णायक सामन्यात हरला. अशा अनुभवांनंतर चाहत्यांना चार-सहा विजयांनी हुरळून जाणे परवडणारे नव्हते.

संघ बदलत होता, हे खरे. नवे प्रशिक्षक रिक ॲडलमन यांना चेंडू सतत फिरता ठेवणारा खेळ हवा होता आणि तो खेळाडूंच्या अंगवळणी पडायला अर्धा हंगाम गेला. अर्जेंटिनाचा लुइस स्कोला आणि नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) दुसऱ्या फेरीत निवडलेला कार्ल लँड्री हे दोघे एनबीएत नवखे असूनही भरवशाचे निघाले. न्यूयॉर्कच्या गल्लीतल्या कोर्टांवर नाव कमावलेला रेफर ऑल्स्टन पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा सूत्रधार होता. बचावाची मदार होती शेन बॅटियरवर. समोरचा खेळाडू बास्केटकडे नेम धरायला उडाला की बॅटियर चेंडूच्या मागे न लागता पंजा थेट त्याच्या डोळ्यांसमोर धरी. नेम चुकवण्यासाठी तेवढे पुरे होई.

बारा विजय झाले आणि २६ फेब्रुवारीला बातमी आली की याओच्या डाव्या पायाचे हाड चिरले आहे, त्याचा हंगाम संपला. त्या हंगामात याओ सामन्यामागे २२ गुण आणि दहाहून अधिक रिबाउंड मिळवत होता. ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिक असल्याने ह्यूस्टनइतकाच हादरा चीनलाही बसला. विजयांची मालिका इथेच संपणार, असे वाटणे स्वाभाविक होते. त्याच रात्री रॉकेट्सनी वॉशिंग्टनला मोठ्या फरकाने हरवले.

याओच्या जागी उभा राहिला काँगोचा ४१ वर्षांचा डिकेम्बे मुटोंबो. हंगामाचा बराच काळ बाकावर काढलेल्या या सेंटरने रोजची जबाबदारी उचलली. प्रतिस्पर्ध्याचा फटका हवेतच अडवला की तो तर्जनी वर करून डावीउजवीकडे हलवी. प्रतिस्पर्ध्याकडे पाहून असे केल्यास दंड होत असल्याने तो प्रेक्षकांकडे वळून बोट हलवी आणि रॉकेट्सच्या टोयोटा सेंटर या मैदानात जल्लोष उसळे. आधीचे प्रशिक्षक जेफ व्हॅन गंडी यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘रेड राऊडीज’ हा चाहत्यांचा जथा तिथे ओरडण्यात आघाडीवर असे. याओ असताना मिळालेले विजय अपेक्षेच्या हिशेबात बसत होते. याओशिवायच्या विजयांनी चाहते खऱ्या अर्थाने वेडावले.

एकविसाव्या विजयाने मिलवॉकी बक्सचा १९७०–७१ मधला सलग २० विजयांचा टप्पा मागे पडला. १६ मार्चला कोबी ब्रायंटचा लॉस एंजेलिस लेकर्स संघ ह्यूस्टनमध्ये आला. मॅकग्रेडीचा दिवस नव्हता. ऑल्स्टनने ३१ गुण ठोकले आणि रॉकेट्स १०४–९२ असे जिंकले. दहाव्या क्रमांकावरचा संघ ४८ दिवसांत पश्चिम विभागात अव्वल झाला. त्याच्या पुढे आता १९७१–७२ च्या लेकर्सची सलग ३३ विजयांची एकच मालिका उरली होती. दोनच दिवसांनी बॉस्टन सेल्टिक्सने रॉकेट्सना त्यांच्याच मैदानावर ९४–७४ असे हरवले. त्या वर्षीचे विजेतेपदही बॉस्टननेच पटकावले.

हंगामाचा शेवट मात्र कडू होता. पश्चिम विभागात त्या वर्षी आठव्या क्रमांकाच्या संघानेही ५० सामने जिंकले होते. ५५ विजय मिळवूनही रॉकेट्स पाचवे आले आणि पहिल्याच फेरीत युटा जॅझकडून ४–२ असे हरले. मायामी हीटने २०१३ मध्ये सलग २७ सामने जिंकून ह्यूस्टनचा आकडा मागे टाकला, पण त्या संघात लेब्रॉन जेम्ससारखा अव्वल खेळाडू होता. बावीसपैकी शेवटचे दहा विजय आपल्या मुख्य सेंटरशिवाय मिळवणाऱ्या रॉकेट्सची कामगिरी अधिक अवघड मानायला हवी. २००९ मध्ये रॉकेट्सनी पोर्टलंडला ४–२ असे हरवून १२ वर्षांनी प्लेऑफची फेरी जिंकली. त्याच फेरीत गुडघा दुखावल्याने मुटोंबोची कारकीर्द संपली.