तळेगाव ते लोणावळा: सामर्थ्यशिक्षणाची मावळातील परंपरा

विद्यार्थ्याच्या उणिवा मोजत बसण्याऐवजी त्याच्या अंगच्या गुणांपासून शिकवण्यास आरंभ करावा आणि त्या गुणांची ओळख त्याची त्यालाच पटवून द्यावी, या पद्धतीला आजचे शिक्षणशास्त्र बलस्थानाधिष्ठित अध्यापन म्हणते. ही संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यामागील विचाराची बीजे मावळात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीत सापडतात.

त्या काळी मुंबई इलाख्यातील माध्यमिक शिक्षण इंग्रजीतून चाले आणि त्याचा सारा रोख मॅट्रिकच्या परीक्षेवर असे, त्यामुळे हाताने कुशल किंवा अंगाने काटक असलेला मुलगा परभाषेत अडखळला की ‘ढ’ ठरे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापकी केलेल्या विष्णू गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली समर्थ विद्यालय काढले, ते या चाकोरीला पर्याय म्हणून. पुढे तळेगाव दाभाडे येथे आलेल्या या विद्यालयात मराठी माध्यमाला उद्योगशिक्षणाची, धर्मशिक्षणाची आणि शारीरिक शिक्षणाची जोड होती. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखानाही १९०८ साली तळेगावातच सुरू झाला आणि तेथे कारागीर तयार होऊ लागले. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन तो फिरवत फुंकताना फिरवण्याचा वेग कमीजास्त झाला, तर भांड्याची भिंत एका बाजूस पातळ होते, त्यामुळे शिकणाऱ्याला आपली प्रगती कळण्यासाठी परीक्षकाची वाट पाहावी लागत नसे.

‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखाबद्दल विजापूरकरांना १९०८ साली कारावासाची शिक्षा झाली आणि १९१० मध्ये सरकारने विद्यालय बंद पाडले. सुटकेनंतर त्यांनी तळेगावातच नवीन समर्थ विद्यालयाच्या रूपाने ते कार्य पुन्हा उभे केले.

लोणावळ्यात या विचाराने निराळे वळण घेतले. अमळनेरच्या राष्ट्रीय शिक्षणाचा अनुभव घेतलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू वेगळे काढून फिरवण्याची क्रिया, चालू असताना आतड्यांतील दाब किती उतरतो हे त्यांनी उपकरणांनी मोजले, त्यामुळे साधकाच्या अनुभवाला पडताळता येणारा आधार मिळाला.

या प्रयत्नांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. राष्ट्रीय शाळेला मुलाच्या सामर्थ्याचा शोध प्रामुख्याने देशकार्यासाठी हवा होता, आजची पद्धती मात्र तो मुलाच्या स्वतःच्या विकासासाठी घेते. तरीही एकाच लेखी परीक्षेने माणसाची कुवत ठरत नाही आणि प्रत्यक्ष कृतीखेरीज ती कर्त्यालाही उमगत नाही, हा मावळातील संस्थांचा आग्रह या दोन्ही हेतूंना सारखाच लागू पडतो.