गळ, पैज आणि मर्यादा

पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या एका रविवारी आमच्या धर्मग्रामातील काही तरुण मिस्सा आटोपल्यावर आम्हांस भेटावयास आले. २९ जून हा संत पेत्र व संत पौल या प्रेषितांचा सण. संत पेत्र हा कोळी. तेव्हा त्याच्या सणाच्या दिवशी नाशिकजवळच्या एखाद्या धरणावर गळाने मासे धरण्याची स्पर्धा भरवावी, ज्याच्या गळाला सर्वांत वजनदार मासा लागेल त्याला ढाल द्यावी, असा त्यांचा बेत होता. कल्पना नवी होती आणि तरुणांचा उत्साह मोडणे आमच्या जिवावर आले होते. तरीही आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत या छंदाच्या इतिहासाविषयी जे वाचले, ऐकले आणि मनात घोळवले, तेच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गळाने मासे धरण्याचा छंद साहेबाने या देशात आणला, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, सुमारे ११३० साली, ‘मानसोल्लास’ नावाचा एक प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या सीमेला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातले. या ग्रंथात जुन्या मराठीतील पदांचे काही अंशही सापडतात, म्हणून मराठी भाषेच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. परंतु त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे, याची वार्ता फार थोड्यांना असते. राजाने मनोरंजनासाठी मासे कसे धरावेत, हा त्याचा विषय. सुमारे ३५ जातींच्या माशांची नावे, कोणता मासा समुद्रातला व कोणता नदीतला, कोणाला खवले असतात व कोणाला नसतात, कोणाला काय खाऊ घालावे, दोरी कशी असावी, गळ कसा टाकावा, असा सगळा तपशील त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते विद्वानांच्या नजरेस आणून दिले.

या प्रकरणातील एक गोष्ट आमच्या मनात विशेष भरली. सोमेश्वराच्या मते गळ टाकण्याआधी मासा ओळखावा लागतो, त्याला खाऊ घालावे लागते. ज्याला पाण्यातला जीव ठाऊक नाही, त्याच्यासाठी हा विनोद नव्हे.

इंग्रजी भाषेतील या विषयावरचे पहिले छापील पुस्तक यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी, १४९६ साली, विंकिन द वर्ड या मुद्रकाने काढले. परंपरेने ते एका मठवासिनीच्या नावावर आहे. डेम ज्युलियाना बर्नर्स ही सेंट ऑल्बन्सजवळच्या सॉपवेल येथील मठाची प्रमुख होती, असे सांगतात. पुस्तक तिनेच लिहिले की नाही याविषयी अभ्यासक साशंक आहेत. मात्र त्यातील उपदेश एखाद्या मठात शोभावा असाच आहे. हा छंद केवळ पैसा वाढवण्यासाठी करू नये, शरीराच्या व आत्म्याच्या स्वास्थ्यासाठी करावा. एकांतात बसलो आहोत तर आपल्या नित्याच्या प्रार्थनाही म्हणाव्यात. आणि एका वेळी फार मासे काढण्याचा लोभ धरू नये, असे त्यात सांगितले आहे. चालुक्य राजा आणि इंग्लंडची मठवासिनी यांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण एकाने सांगितले की आधी ओळखा, आणि दुसरीने सांगितले की पुरेसे झाले की थांबा.

आता स्पर्धेकडे वळू. गळाच्या स्पर्धा या राजेरजवाड्यांनी नव्हे, कामगारांनी रुजवल्या. इंग्लंडात सामन आणि ट्राउट हे मासे प्रतिष्ठितांचे समजले जात. त्यांच्या नद्यांचे काठ जमीनदारांच्या ताब्यात असत. उरलेल्या सर्व गोड्या पाण्यातील माशांना ‘कोर्स’, म्हणजे जाडेभरडे, असे नाव पडले. शेफील्डच्या पोलाद कारखान्यांतील व बर्मिंगहॅमच्या धातुकामाच्या कारखान्यांतील मजुरांच्या वाट्याला हे जाडेभरडे मासे आले. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मंडळे काढली, वर्गणी जमवली, सुट्टीच्या दिवशी रेल्वेने दूरच्या नद्यांवर आणि कालव्यांवर ते जाऊ लागले, आणि तेथे त्यांच्या पैजा लागू लागल्या. १९०६ पासून तर तेथे राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली.

या स्पर्धेची रीत समजून घेण्यासारखी आहे. काठावर ठरावीक अंतरावर क्रमांकाच्या खुंट्या ठोकलेल्या असतात. सकाळी चिठ्ठ्या काढतात आणि ज्याला जी खुंटी येईल तेथेच त्याने बसावयाचे. शिट्टी झाली की गळ पाण्यात पडतात, आणि बहुधा पाच तासांनी पुन्हा शिट्टी झाली की बाहेर येतात. कोणी पावाचा चुरा व पीठ कालवून त्याचे गोळे पाण्यात टाकतो, कोणी भेंडाची हालचाल डोळ्यांत तेल घालून पाहत राहतो. धरलेला प्रत्येक मासा पाण्यात बुडवलेल्या लांब जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवतात. शेवटी तराजू खुंटीखुंटीवर फिरतो, एकूण वजन मांडले जाते आणि मासे पुन्हा पाण्यात सोडले जातात. पूर्वी ते मारले जात. सोडण्याची रीत हळूहळू रुळली. येथे एखाद्या मोठ्या माशाच्या आशेवर बसणारा पुष्कळदा हरतो, आणि बोटभर लांबीचे मासे एकामागून एक काढणारा जिंकतो. थेंबे थेंबे तळे साचे, ही आपली म्हण त्या काठावर प्रत्यक्ष दिसते. चिठ्ठीत वाईट खुंटी आली म्हणून कुरकुरणारेही असतात, आणि त्याच खुंटीवर शांतपणे पाच तास बसणारेही असतात. मनुष्यस्वभावाची परीक्षा व्हावयास नदीकाठ पुरेसा असतो.

या कामगारांच्या इतिहासातील एक घटना आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. नद्यांतले मासे कमी होत चालले, तेव्हा त्यांनीच कायद्याने बंदी मागितली. शेफील्डचे संसद सदस्य ए. जे. मंडेला यांनी त्यांची बाजू घेतली आणि १८७८ साली कायदा झाला. माशांच्या विणीच्या काळात, म्हणजे १५ मार्च ते १५ जून, जाडेभरडे मासे धरावयाचे नाहीत, असे ठरले. तळी व बहुतेक कालवे यांवरील ही बंदी अलीकडच्या काळात उठली. नद्यांवर ती आजही पाळली जाते. आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळणाऱ्या मजुरांनी वर्षातील तीन महिन्यांचा आपला एकमेव आनंद आपण होऊन सोडून दिला, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्याकडे इंग्रज आले, त्यांच्याबरोबर त्यांची काठी व चाकही आले. १८२०च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारे कर्नल साइक्स यांनी येथील नद्यांतल्या माशांचे शास्त्रीय वर्णन केले. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीर माशाला १८३९ साली त्यांनी दिलेले ‘खुद्री’ हे नाव स्थानिक लोकांच्या बोलीतून घेतलेले असून शास्त्रात ते अद्याप चालू आहे. १८७३ साली एच. एस. थॉमस यांचे भारतातील गळाच्या छंदावरील प्रसिद्ध पुस्तक मंगळूरहून निघाले. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांनी देशभरातील नद्यांत माशांचा कसा नाश होतो याचा अहवाल सरकारला दिला. पुढे १८९७च्या कायद्याने सुरुंग लावून व विष कालवून मासे मारण्यास मनाई झाली. मुंबईत पवईचा तलाव १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला. त्याचे पाणी पिण्यास योग्य राहिले नाही, पण स्वातंत्र्यापूर्वीच तेथे गळाचा छंद करणाऱ्यांची संस्था उभी राहिली. आज ती महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या नावाने ओळखली जाते. तलावातील सांडपाणी व जलपर्णी यांविषयी आवाज उठवणाऱ्यांत या गळवाल्यांचा समावेश असतो. पाण्याकडे तासन्‌तास पाहणाऱ्यालाच पाण्याचे दुखणे आधी कळते.

मात्र प्रेमालाही ज्ञानाची जोड लागते. १९७०च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यास टाटांच्या तलावावर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाशीरची कृत्रिम पैदास यशस्वी केली. महाशीर वाचवण्याच्या कामातील हा मानाचा टप्पा होय. तेथली पिल्ले अनेक ठिकाणी सोडण्यात आली. त्याच दशकापासून दख्खनचा हा महाशीर कावेरीतही सोडला जाऊ लागला. कावेरीत पाठीवर कुबड असलेला, तिचा स्वतःचा असा एक अवाढव्य महाशीर होता. बाहेरचा महाशीर तेथे माजला आणि मूळचा ओसरला, असे संशोधकांना आढळून आले. २०१८ साली तो कुबडाचा मासा अतिधोक्यातील जातींच्या जागतिक यादीत गेला. नदीचे भले करू पाहणाऱ्यांच्या हातून हे घडले. कोणत्या पाण्यात कोणता मासा शोभतो, हे सोमेश्वराचे पहिले सूत्र येथे विसरले गेले.

आता आमच्या तरुणांच्या बेताकडे येऊ. आठ दिवसांच्या त्या अवधीत आम्ही एका वयोवृद्ध भोई गृहस्थांना भेटलो. त्यांचे आयुष्य धरणाच्या पाण्यावर गेले आहे. बेत ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, तुमचा सण ऐन चढणीत येतो. पहिल्या पावसाचा मासा उलट्या पाण्याने वर चढतो, तेव्हा त्याच्या पोटात गाभोळी असते. तो एक काढला म्हणजे किती गेले, मोजा तुम्ही.” थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: “आणि पोरांना सांगा, धरणाची मासेमारी सोसायटीच्या ठेक्याची असते. आधी तिथं विचारा.”

आम्ही खजील झालो. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात वितात, हे पुस्तकात वाचलेले होते. पण प्रेषितांचा सण व माशांची वीण एकाच वेळी येतात, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. आमच्यासाठी जो खेळ, तो त्या गृहस्थांच्या घरी चुलीचा प्रश्न आहे, हेही आम्ही विसरलो होतो. वास्तविक ही मर्यादा आपल्या भूमीला नवी नाही. किनाऱ्यावरचे आपले कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहून मग पुन्हा समुद्रात जातात. आता जून-जुलैची बंदी सरकारी नियमानेही आहे. रायगड जिल्ह्यातील वाळणकोंडीच्या डोहात आणि वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात देवळाजवळचे महाशीर कोणी धरीत नाही. लोक त्यांना खाऊ घालतात. ती वैतरणा आपल्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून निघते. श्रद्धा आपली नसेल, पण त्या डोहाने जो जीव राखला तो परमेश्वराच्याच सृष्टीतला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीला आपले सर्वांचे सामायिक घर म्हटले. त्या घरात भोयाची होडी आहे आणि माशाची वीणही आहे.

शुभवर्तमानांत जाळ्यांचे प्रसंग अनेक आहेत, पण गळाचा प्रसंग एकच, आणि तो संत मत्तय सांगतो. मंदिराच्या कराची मागणी झाली, तेव्हा प्रभूने पेत्राला सरोवराकडे पाठवले. गळ टाकून जो पहिला मासा वर येईल तो घ्यावयाचा, त्याच्या तोंडात सापडेल ते नाणे दोघांचा कर म्हणून द्यावयाचे. पेत्र कसलेला कोळी होता. सबंध दिवस गळ टाकून बसणे त्याला अवघड नव्हते. प्रभूने त्याला एकच मासा सांगितला. गरज तेवढीच होती.

हे सर्व आम्ही तरुणांना सांगितले. काहींची तोंडे उतरली. एकाने तर ढालीची रक्कम आधीच जमवल्याचे सांगितले. पण बराच वेळ बोलणे झाल्यावर त्यांनीच ठरवले की स्पर्धा हिवाळ्यात घ्यावी. सोसायटीची परवानगी मागावी व तिच्या एका सभासदाला परीक्षक म्हणून बोलवावे. जागा चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, प्रत्येकाला एकच गळ असावा. मासे ओल्या हातांनी धरून, वजन करून लगेच पाण्यात सोडावेत. बाहेरून आणलेला एकही मासा, तो कितीही देखणा असो, धरणात सोडू नये. हे नियम त्यांनी स्वतः कागदावर उतरवले, म्हणून ते पाळले जातील अशी आम्हांस आशा आहे.

२९ जूनला आम्ही प्रेषितांच्या सणाची मिस्सा अर्पण करू आणि त्या वृद्ध भोई गृहस्थांना सणाच्या जेवणाचे आमंत्रण देऊ. वाचकहो, आपल्याही धर्मग्रामाजवळ एखादी नदी, तलाव किंवा धरण असेल. पहिला पाऊस पडल्यावर एकदा मुलांना घेऊन त्याच्या काठी जा. गळ घरी ठेवा. पाण्याच्या उलट वर चढणारा मासा मुलांना दाखवा, आणि तो कशासाठी चढतो आहे तेही सांगा.