सग्वारोची सावली

अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत टूसान शहराच्या पूर्वेस सग्वारो या उंच निवडुंगांचें रान आहे. तेथील पाव मैलाची पक्की पायवाट आबालवृद्धांस सुखानें चालतां येते. १ मार्च १९३३ रोजीं अध्यक्ष हूव्हर यांनीं हें रान संरक्षित केलें. तथापि गुरांचें चरणें कित्येक वर्षें चालूच राहिलें. सग्वारोचें रोप पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंचच वाढतें, व झाडाच्या सावलीवांचून क्वचितच तगतें. अशीं झाडें चुन्याच्या भट्ट्यांसाठीं पूर्वींच तुटलीं होतीं. रोपें गुरांच्या खुरांखालीं गेलीं. वृद्ध सग्वारो मात्र डौलानें उभे होते, म्हणून हानि उशिरां ध्यानांत आली. गुरें हटल्यावर रोपें पुन्हां रुजूं लागलीं. थोरांस अभय देऊन भागत नाहीं. पोरांची सावलीही राखावी लागते.