जाळरेषेचा वारसा

उन्हाळ्यात जंगल पेटणारच, असं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिंदुस्थानातले बहुतेक वनाधिकारी धरून चालत. १८६०च्या दशकात मध्य प्रांतात कर्नल पिअर्सन यांनी सातपुड्यातल्या बोरीच्या सागवनात वणवा रोखून दाखवला. बोरी आज सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आहे.

वणवा रोखायचं मुख्य साधन होतं जाळरेषा. पावसाळ्यानंतर गवत पिवळं पडलं की लांबच लांब पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि वारा पडलेला बघून, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून, तेवढंच जाळून टाकायचं. पुढे चैत्र-वैशाखात वणवा आला तरी त्या पट्ट्यावर त्याला खायला काही उरत नाही. मेळघाटात, ताडोबात हे काम आजही चालतं. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो, त्याआधी ते उरकावं लागतं.

१८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरलं. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून त्या राखेत पेरणारे बैगा आणि कोरकू आदिवासी त्यात भरडले गेले. पण आग पूर्ण बंद झाल्यावर सगळंच साधलं असंही नाही. ब्रह्मदेशातल्या ओल्या सागवनांत झुडपं आणि बांबू माजले, सागाच्या रोपांना ऊन मिळेना. १८९६मध्ये स्लेड या वनाधिकाऱ्यानेच तिथल्या अतिसंरक्षणावर जाहीर टीका केली, आणि पुढे अशा अनेक जंगलांतून ते मागे घ्यावं लागलं.

विदर्भातली कोरडी जंगलं वेगळी. इथे वणवे बहुतेक माणसाच्याच हातून लागतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मोहफुलं पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. दुपारी वारा सुटला की तीच आग उताराने वर चढते. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आग लावली जाते.

मोठी झाडं बहुधा तगतात. मरतात ती रोपं. सागाचं रोप जळून मुळाशी जिवंत राहतं, पावसात पुन्हा फुटतं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळतं. वरून पाहिलं तर जंगल हिरवं, आच्छादनाचा आकडाही जवळपास तोच. खाली मात्र म्हाताऱ्या झाडांची जागा घेणारं कुणी नाही. मोहाखाली जाळी अंथरून फुलं झेलता येतात आणि पाला जाळावा लागत नाही. अशा जाळ्या वेचणाऱ्या प्रत्येक घराला हंगामाआधी मिळायला हव्यात. त्यांचा खर्च वन खात्याने उचलावा.