कपाटातले घर आणि कादंबरीतले शहर

दिवाळीच्या सुट्टीत मराठी घरांच्या अंगणांत दगडमातीचे किल्ले उभे राहतात, आणि एखाद्या कोपऱ्यात इवल्याशा चुलीवर भातुकलीचा स्वयंपाक रंगतो. मोठ्यांचे विस्तीर्ण जग हाताच्या ओंजळीत मावेल एवढे करावे आणि मग मनाजोगे चालवावे, ही ओढ मनुष्यस्वभावात खोल रुजलेली आहे. मात्र सतराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील श्रीमंत गृहिणींनी या ओढीला जे रूप दिले, ते मुलांच्या खेळापासून फार दूरचे होते. त्यांची बाहुलीघरे मुलांच्या हाती सहसा पडत नसत. घरातील पुरुष शंख, नाणी आणि दूरदेशीच्या दुर्मिळ वस्तू कपाटांत मांडीत. स्त्रियांनी कपाटात मांडले ते स्वतःचे घर.

अशा बाहुलीघरांत सर्वांत प्रसिद्ध आहे ते पेट्रोनेला ऊर्टमन हिचे. ॲम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते आज पाहावयास मिळते. पेट्रोनेलाचा जन्म १६५६ चा व मृत्यू १७१६ चा. १६८६ साली रेशमाचा व्यापारी योहान्नेस ब्रान्ट याच्याशी तिचा विवाह झाला. त्यापूर्वी ती विधवा होती. विवाहानंतरची सुमारे वीस-पंचवीस वर्षे ती हे घर सजवीत राहिली. बाहेरचे कपाट माणसाच्या उंचीहून उंच, कासवाच्या पाठीच्या कवचाने मढविलेले आणि त्यावर कथिलाचे जडावकाम केलेले. आत नऊ दालने. बाळंतिणीची खोली, मुलांची खोली, पाहुण्यांचा दिवाणखाना, स्वयंपाकघर, कपडे वाळविण्याचा माळा, अशी एका संपन्न डच घराची सगळी व्यवस्था तेथे आहे. कापडावर मालक-मालकिणीच्या आडनावांची आद्याक्षरे भरलेली आहेत. चिनी मातीची इवली भांडी तर थेट पूर्वेकडून मागविलेली आहेत. त्या काळीच या घराची किंमत वीस ते तीस हजार गिल्डर सांगितली जाई. एवढ्या पैशांत कालव्याकाठी खरेखुरे घर मिळाले असते!

हे घर नुसते दुरून पाहण्याचे नव्हते. पाहुणे येत, कपाटाची दारे उघडली जात, आणि मालकीण एकेक दालन दाखवीत असे. चित्रकार याकोब ॲपेल याने सुमारे १७१० साली त्याचे एक मोठे चित्र काढले. त्या चित्रात घरात वावरणाऱ्या बाहुल्याही दिसतात. पुढे त्या बाहुल्या जवळजवळ सर्वच हरवल्या. घर राहिले, माणसे गेली.

ही रिकामी घरे भरण्याचे काम तीन शतकांनंतर एका इंग्रज लेखिकेने केले. जेसी बर्टन हिने संग्रहालयात हे कपाट पाहिले आणि २०१४ साली तिची 'द मिनिएचरिस्ट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिने नावे तेवढी खरी घेतली. कथा सर्वस्वी स्वतःची रचली. तिची पेट्रोनेला, अर्थात नेला, ही तीस वर्षांची विधवा नाही. ती खेड्यातून १६८६ च्या शरदात ॲम्स्टरडॅमला आलेली अठरा वर्षांची नववधू आहे. अलिप्त वागणारा नवरा तिला लग्नाची भेट म्हणून एक कपाट देतो. ते तिच्या नव्या घराचीच प्रतिकृती असते. ते सजविण्यासाठी ती एका अज्ञात कारागिराकडे तीन वस्तूंची मागणी करते. मागितलेल्या वस्तू येतात आणि त्यांच्याबरोबर न मागितलेल्याही येतात: घरातल्यासारख्याच खुर्च्या, घरातलीच दोन कुत्री, आणि एक पाळणा. घरातील माणसे जे बोलत नाहीत ते या वस्तू बोलू लागतात. लहान घर मोठ्या घराचे गुपित सांगते, ही या कादंबरीची खरी किल्ली होय.

कपाटात नसलेल्या गोष्टी कादंबरीत कोणत्या आल्या, हे पाहिले म्हणजे इतिहासाचा एक मोठा धडा हाती लागतो. पेट्रोनेलाने सारे मांडले. परंतु हे सारे आले कोठून, ते मांडले नाही. मांडण्याचे कारणही नव्हते. कादंबरीत मात्र गोदामात साखरेचे ढीग आहेत. ती साखर सुरिनामची. १६६७ च्या तहाने ती वसाहत डचांकडे आली आणि तेथील उसाचे मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालले. ती गुलामगिरी कायद्याने संपावयास १८६३ साल उजाडावे लागले. कादंबरीतील ऑटो हा आफ्रिकेत जन्मलेला नोकर त्या व्यापाऱ्याच्या घरात वावरतो आणि रस्त्यावर लोकांच्या नजरा झेलतो. 

या व्यापाराचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही येऊन भिडला होता. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास आपली वखार घातली. पोर्तुगीजांच्या गोव्यावर पाळत ठेवण्यास ती जागा सोयीची होती. त्या वखारीचे भग्नावशेष आजही उभे आहेत. कालव्याकाठच्या दिवाणखान्यातील चकाकी आणि कोकणातील या ओसाड भिंती एकाच व्यापाराच्या दोन टोकांना आहेत.

म्हणून पेट्रोनेलाचे कपाट खोटे ठरते काय? मुळीच नाही. इतर साधनांत क्वचितच सापडणारा तपशील त्याने जपला. कपडे कोठे वाळत, बाळंतीण कोणत्या खोलीत असे, भांडी कशी लावीत, हे ते सांगते. परंतु प्रत्येक प्रतिकृती ही करवून घेणाऱ्याच्या नजरेने घडते. त्याला जे अभिमानाचे वाटते ते ती राखते, आणि जे त्याच्या डोळ्यांना दिसत नाही ते वगळते. कादंबरीकार त्या वगळलेल्याची कल्पना करतो. इतिहासकाराने त्याचा पुरावा शोधावयाचा असतो. ॲम्स्टरडॅमच्या त्याच संग्रहालयाने २०२१ साली डच वसाहतींतील गुलामगिरीवर मोठे प्रदर्शन भरविले, ते याच शोधाचे पुढचे पाऊल म्हणता येईल.

आपल्या जुन्या वाड्यांच्या, दरबारांच्या आणि गडकोटांच्या प्रतिकृती आज अनेक ठिकाणी होत आहेत. त्यांतील बुरूज आणि महिरपी पाहताना एक प्रश्न जवळ बाळगलेला बरा. पाणी वाहणारे, जाते ओढणारे, दिवे लावणारे हात या प्रतिकृतीत कोठे आहेत? त्यांना जागा मिळाली, तर ते लहानसे घर खऱ्या अर्थाने नांदते होईल.