हजेरीला गैरहजर राहिलेली मुलगी

गेल्या महिन्यात आपल्या केंद्रावर आलेल्या एक ताई वैतागून म्हणाल्या, "आमचा मुलगा दिवसभर कानात बोंडं घालून काहीतरी भराभर पुटपुटत असतो. गाणं म्हणावं तर चाल नाही, बोलणं म्हणावं तर दम घेत नाही. हे रॅप रॅप म्हणतात ते आहे तरी काय?" त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आज मी एका अल्बमची गोष्ट सांगणार आहे. हा अल्बम एका बाईचा आहे.

पण आधी थोडं मागे जाऊ. ११ ऑगस्ट १९७३ चा दिवस. न्यूयॉर्क शहरातल्या ब्रॉन्क्स या गरीब वस्तीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायचे ठरवले. राहत्या इमारतीच्या सभागृहात तिने नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. मुलींना तिकीट पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. लोक त्याला कूल हर्क म्हणत. गाण्यातला नुसत्या ढोलाचा तुकडा आला की पोरं जास्त रंगात नाचतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवत राहायचा. त्या ठेक्यावर माइक हातात घेऊन बोलणं सुरू झालं. हिप-हॉपचा जन्म याच दिवशी झाला असं मानतात. म्हणजे या संगीताच्या पाळण्याची दोरी एका बहिणीच्या हातात होती.

पुढे मात्र हे अंगण पुरुषांचं झालं. बाया गात होत्या, रॅपही करत होत्या, पण गाण्यांमध्ये बाईचा उल्लेख पुष्कळदा हिणवण्यासाठीच यायचा. मोठ्या संगीतसंस्थाही या प्रकाराला गाणं मानायला राजी नव्हत्या. १९८९ साली ग्रॅमी पुरस्कारांत रॅपला पहिल्यांदा जागा मिळाली, पण तो पुरस्कार देण्याचा सोहळा दूरदर्शनवर दाखवला गेला नाही. म्हणून काही कलावंतांनी समारंभाकडे पाठ फिरवली होती.

याच काळात न्यू जर्सी राज्यात लॉरिन हिल लहानाची मोठी होत होती. जन्म १९७५ चा, आई इंग्रजीची शिक्षिका. फ्यूजीज या तिघांच्या गटात ती गायची आणि रॅपही करायची. १९९६ साली त्यांचा 'द स्कोर' अल्बम जगभर गाजला. मग गट फुटला, आणि लॉरिनने स्वतःचा अल्बम करायला घेतला.

त्या वेळी तिला दिवस गेले होते. वय जेमतेम एकवीस-बावीस. नाव आत्ता कुठे झालंय, मूल आत्ताच कशाला, असा सल्ला आजूबाजूच्यांनी दिला. मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं असेल! कुणाला नोकरीच्या ठिकाणी, कुणाला घरातच. आणि कुणाला याच्या अगदी उलट, "आता मूल हवं, नोकरी पुरे" असंही. दोन्हीकडे निर्णय दुसऱ्याचाच. लॉरिनने आपला निर्णय आपण घेतला. १९९७ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव झायन. त्याच्यावर तिने गाणं रचलं आणि लोकांनी दिलेला सल्लाही त्यात सांगून टाकला. आईपण लपवायची गोष्ट नाही, ती गाण्याची गोष्ट आहे, हे रॅपच्या दुनियेत तिने ठणकावून सांगितलं.

अल्बमचं काही काम जमैकातल्या किंग्स्टनमध्ये, बॉब मार्ली यांच्या टफ गाँग स्टुडिओत झालं. २५ ऑगस्ट १९९८ रोजी तो बाजारात आला. नाव 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'. मिसएज्युकेशन म्हणजे चुकीचं, दिशाभूल करणारं शिक्षण. या नावामागे इतिहास आहे. कार्टर वुडसन हे कृष्णवर्णीय इतिहासकार. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. वुडसन स्वतः कोळशाच्या खाणीत राबले आणि पुढे हार्वर्डला जाऊन डॉक्टर झाले. १९३३ साली त्यांनी 'द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो' हे पुस्तक लिहिलं. शाळा कृष्णवर्णीय मुलांना स्वतःलाच कमी लेखायला शिकवते, असं त्यांचं म्हणणं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता, हे आपल्याला ठाऊक आहे. शिक्षण कुणाच्या हातात आणि ते काय शिकवतं, हा प्रश्न तिथे आणि इथे सारखाच.

अल्बम सुरू होतो तो शाळेच्या घंटेने. मास्तर हजेरी घेतात. लॉरिन हिलचं नाव पुकारतात, पण उत्तर येत नाही. ती वर्गात नाहीच. मग गाण्यांच्या अधूनमधून मास्तर मुलांना विचारत राहतात, प्रेम म्हणजे काय? मुलंही मनापासून बोलतात. मास्तरांचा आवाज रास बराका यांचा. ते खरोखरच नेवार्क शहरातले शिक्षक होते, आणि २०१४ मध्ये त्याच शहराचे महापौर झाले. वर्गात जे शिकवत नाहीत, ते ही गैरहजर मुलगी बाहेर शिकत असते: फसवणूक, मायेची ओढ, आईपण, स्वतःची किंमत.

फेब्रुवारी १९९९ मध्ये लॉरिनला एकाच रात्री पाच ग्रॅमी मिळाले. वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान हिप-हॉपला पहिल्यांदाच मिळाला. ज्या घराने दहा वर्षांपूर्वी दार अर्धवट उघडलं होतं, त्या घरात एक तरुण आई मानाच्या पाटावर बसली.

पण गोष्ट इतकी गोड नाही. अल्बमवर काम केलेल्या चार संगीतकारांनी दावा लावला, की रचनेत आमचाही वाटा आहे आणि आमचं श्रेय दिलेलं नाही. २००१ मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. बाईने काही मोठं केलं की "हे तिचं एकटीचं नसणारच" अशी शंका लोक लगेच घेतात, हे खरं. आणि सोबत राबणाऱ्यांचं नाव राहून जातं, हेही खरं. बचत गटात काम करणाऱ्या आपल्याला या दोन्ही बाजू कळतात. पुढे लॉरिनने प्रसिद्धीकडे पाठ फिरवली. २००२ मध्ये गिटार घेऊन गायलेल्या गाण्यांचं एक थेट ध्वनिमुद्रण आलं, पण स्टुडिओत केलेला दुसरा अल्बम आजवर आलेला नाही.

तरी पहिला अल्बम जुना होत नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने तो जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांत घेतला आहे. त्यातलं 'एक्स-फॅक्टर' हे गाणं पाहा. त्यात वू-टँग क्लॅनच्या गाण्याचा तुकडा आहे, आणि त्या गाण्यात ग्लॅडिस नाइट यांच्या जुन्या गाण्याचा. पुढे २०१८ मध्ये ड्रेक आणि कार्डी बी या दोघांनीही 'एक्स-फॅक्टर'चा आधार घेऊन नवी गाणी केली. जात्यावरची ओवी सासूकडून सुनेकडे येते, सून त्यात आपली ओळ घालते, तसंच हे.

तर ताई, मुलगा पुटपुटत असला की त्याला रागवू नका. शेजारी बसा, एक बोंड आपल्या कानात घाला आणि विचारा, "यात बाईबद्दल काय म्हटलंय रे?" उत्तर देताना तो अडखळला, तर तिथूनच बोलणं सुरू करा.