मदतीला कोणाला बोलवायचं?

'कॉल ऑफ ड्युटी' मालिकेतला 'मॉडर्न वॉरफेअर ३' हा खेळ २०११ साली आला. त्यात 'सर्व्हायव्हल' नावाचा एक प्रकार आहे. दोघांनी मिळून खेळता येतो. शत्रूच्या लाटांमागून लाटा येत राहतात आणि प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा जड. जिंकायचं असं काही नाही, फक्त टिकायचं. शत्रू मारले की पैसे मिळतात, त्या पैशांतून हत्यारं घ्यायची आणि फारच गळ्याशी आलं तर मदतीला तुकडी बोलवायची. तुकड्या दोन प्रकारच्या. एक डेल्टाची, बंदूकवाल्यांची. दुसरी उभ्या ढाली घेतलेल्यांची, आणि ती पहिलीपेक्षा महाग.

सुट्टीत भाचा आला की आम्ही मामा-भाचे हा खेळ खेळतो. (ताई, अभ्यास झाल्यावरच हं!) आमचं भांडण ठरलेलं. त्याला बंदूकवाले हवे असतात, मला ढालवाले. "मामा, ढालवाले नुसते उभे राहतात रे, मारतंय कोण?" असं त्याचं म्हणणं. माझं म्हणणं असं की गोळ्या त्यांच्या ढालींवर बसतात तोवर आपल्याला श्वास घ्यायला मिळतो. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असावं.

पण खेळताना मला दरवेळी पानिपत आठवतं. हसू नका! आमच्या घरात जानेवारी महिना आला, तिळगुळाचे डबे भरले गेले की पानिपताचा विषय निघतोच, आणि निघाला की कोणीतरी म्हणतंच, "भाऊंनी सूरजमल जाटाचं ऐकायला हवं होतं." म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: मदतीला कोणाला बोलवायचं, आणि आलेल्याला कसं टिकवायचं?

खेळात हा प्रश्न सोपा करून दिलेला असतो. तुकडीची किंमत समोर लिहिलेली असते. पैसे मोजले की ती येते, तुमच्यासाठी लढते, मरते. मागच्या वेळी तुम्ही तिच्याशी कसे वागलात ते तिला आठवत नाही. आणि यादी कायम तीच असते, काल तुम्ही काय केलंत त्यावरून त्यातलं एखादं नाव आज खोडलं जात नाही. १७६० साली सदाशिवरावभाऊंच्या हातात जी यादी होती तिच्यातली बरीच नावं मात्र ते उत्तरेत पोचण्यापूर्वीच खोडली गेली होती. ती कशी, ते सांगण्यासाठी हा खटाटोप.

थोडी उजळणी करू. १० जानेवारी १७६० ला यमुनेच्या काठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. ३ फेब्रुवारीला इकडे उदगीरला भाऊंनी निजामाला नमवलं. मार्चमध्ये भाऊ आणि विश्वासराव परतूडहून उत्तरेकडे निघाले. अब्दाली हिंदुस्थानातच थांबला होता. आता दोन्ही बाजूंना एकच काम होतं, मित्र गोळा करणे.

भाऊंच्या यादीत पहिले यायला हवे होते ते रजपूत. पण जयपूरच्या गादीच्या भांडणात आपण दहा-बारा वर्षं काय केलं होतं? सवाई जयसिंग १७४३ साली गेले. ईश्वरीसिंग आणि माधोसिंग या भावांच्या तंट्यात आपले सरदार शिरले, कधी याच्या बाजूने तर कधी त्याच्या, आणि प्रत्येक वेळी रकमेचा आकडा पुढे. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकर वसुलीसाठी चाल करून येत असताना ईश्वरीसिंगाने आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात जयपूर शहरात मराठ्यांची कत्तल झाली. तिकडे मारवाडच्या भांडणात १७५५ साली नागोरला जयाप्पा शिंद्यांचा दगाफटक्याने खून झाला. एवढं दोन्हीकडून झाल्यावर १७६० मध्ये 'या, परकीयाविरुद्ध एक होऊ' म्हणून पत्रं गेली, तेव्हा रजपूत कुंपणावर बसून राहिले यात नवल ते काय?

दुसरं नाव शुजाउद्दौल्याचं, अयोध्येचा नवाब. हा खरं तर आपल्या हाताला लागण्यासारखा होता. त्याचा बाप सफदरजंग, याच्याच हाकेला ओ देऊन १७५१ मध्ये शिंदे-होळकर रोहिले आणि बंगशांविरुद्ध लढले होते. रोहिल्यांशी शुजाच्या घराण्याचं जुनं वाकडं. शुजा शिया, अब्दाली आणि रोहिले सुन्नी. पण पेशव्यांना काशी आणि प्रयाग हवे होते, आणि ते होते शुजाच्या ताब्यात. तीर्थक्षेत्रं आपल्या हाती असावीत ही आपली इच्छा आपल्याला पवित्र वाटणारच. शुजाच्या दृष्टीने मात्र त्याच्या घरातल्या दोन खोल्या मागणारा पाहुणा दारात उभा होता. १७५९ मध्ये दत्ताजींनी नजीबखान रोहिल्याला शुक्रतालला कोंडलं, तेव्हा शुजा नजीबाच्या मदतीला धावला होता. नजीब गेला तर पुढचा नंबर आपला, एवढं त्याला कळत होतं.

भाऊंनी शुजाला पत्रं लिहिली, वकील पाठवले. नजीबाने काय केलं? तो स्वतः उठून शुजाच्या भेटीला गेला. समोर बसून भीती घातली, हमी दिली, आणि १७६० च्या पावसाळ्यात त्याला अब्दालीच्या गोटात आणून उभा केला. शुजाची फौज काही हजारांचीच होती. लढाईच्या दिवशीही त्याने फार मोठा पराक्रम केला असं नाही. मग एवढा आटापिटा कशासाठी? तर तो मराठ्यांकडे जाऊ नये म्हणून! अंतर्वेदीच्या पलीकडचा सगळा सुपीक मुलूख त्यामुळे आपल्याला बंद झाला आणि दिल्लीच्या राजकारणात वजन असलेलं एक घराणं अब्दालीच्या पारड्यात पडलं. मित्र जोडताना तो आपल्यासाठी काय करील एवढंच आपण बघतो. तो समोरच्याकडे गेला तर काय होईल हे नजीबाने बघितलं.

आणि हा नजीब तरी कोण? १७५७ मध्ये राघोबादादांनी दिल्ली घेतली तेव्हा तो आपल्या मुठीत आला होता. मल्हाररावांनी रदबदली केली आणि तो सुटला. मल्हारराव त्याला मानलेला मुलगा म्हणत. दिल्लीत आपल्याला शत्रूच उरला नाही तर पेशवे आपल्याला कशाला विचारतील, असा हिशेब त्यामागे होता असं सांगतात. मल्हाररावांच्या मनातलं कोण जाणे, पण सोडलेला नजीब तीन वर्षांनी काय करून गेला ते सगळ्यांना माहीत आहे.

आता सूरजमल. भरतपूरचा हा जाट राजा आला होता, हे आपण कधीकधी विसरतो. आग्र्यापासून दिल्लीपर्यंत तो भाऊंच्या बरोबर होता. त्याची जखम तर सगळ्यात ताजी. १७५४ मध्ये राघोबादादा आणि मल्हाररावांनी त्याच्या कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घातला होता, खंडणीसाठी. त्या वेढ्यात मल्हाररावांचा मुलगा खंडेराव, म्हणजे अहिल्याबाईंचे यजमान, तोफेच्या गोळ्याने गेला. सूरजमलाने हे सगळं बाजूला ठेवलं आणि आला. त्याचा सल्ला सगळ्यांना तोंडपाठ आहे: बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे, जड तोफा चंबळेच्या अलीकडे किंवा माझ्या किल्ल्यांत ठेवा, सडे व्हा, अब्दालीची रसद तोडा. मल्हाररावांचंही मत साधारण तेच होतं.

भाऊंनी ते मानलं नाही. का, याचं उत्तर 'गर्व' असं देऊन आपण मोकळे होतो. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण यादीत आणखी एक नाव होतं, इब्राहिमखान गारदी. आणि हा माणूस भाऊंनी स्वतः निवडलेला होता.

इब्राहिमखान फ्रेंच सेनापती बुसीच्या तालमीतला, निजामाकडून आपल्याकडे आलेला. आठ-नऊ हजार कवायती पायदळ आणि तोफखाना. उदगीरला त्याच्या तोफांनी काय होतं ते भाऊंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. (आमचे ढालवाले म्हणा ना! फरक एवढाच की हे ढालीमागून आगही ओकत.) आता अडचण बघा. गारद्यांची पद्धत म्हणजे रांगा धरून, तोफांच्या आडोशाने, पायापायाने पुढे सरकायचं. होळकरांची पद्धत म्हणजे घोड्यावर टांग टाकून चाळीस कोस दौड. दोन्ही चांगल्या, पण एकत्र कशा नांदणार? स्वार दूर गेले की पायदळ उघडं पडतं आणि पायदळाशी बांधलं की स्वारांची दौड संपते. सूरजमलाचा सल्ला मानायचा म्हणजे गारद्यांना आणि तोफांना मागे टाकायचं. भाऊंनी एक मदतनीस निवडला आणि त्याचबरोबर लढाईची एक पद्धतही निवडली गेली. त्या पद्धतीत सूरजमलाला जागा उरली नाही.

२ ऑगस्ट १७६० च्या सुमारास दिल्ली हातात आली. तिथला वजीर कोण, शहराचा ताबा कोणाकडे, यावरून बिनसलं. पैशांची चणचण तर इतकी की दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून नाणी पाडावी लागली. सूरजमलाला ते रुचलं नाही म्हणतात. कारण कुठलंही असो, तो एके रात्री निघून आपल्या मुलखात गेला. मात्र जाऊन अब्दालीला मिळाला नाही, हेही लक्षात ठेवू.

पुढचं वेगाने सांगतो, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. आठवडाभराने अब्दाली बागपतला यमुना उतरून आपल्या आणि दिल्लीच्या मध्ये आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून दोन्ही फौजा पानिपतला समोरासमोर. पतियाळ्याच्या आलासिंगाकडून काही दिवस धान्य येत होतं, तेही आटलं. अंतर्वेदीत अब्दालीची रसद मारण्याचं काम ज्यांच्यावर होतं ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. आता खरोखरच फक्त टिकायचं होतं, आणि बोलवायला कोणी नव्हतं.

१४ जानेवारी १७६१. शुजाच्या पदरी काशीराज नावाचा एक दक्षिणी ब्राह्मण कारकून होता, त्याने ही लढाई जवळून पाहून फारसीत लिहून ठेवली. त्यात एक प्रसंग आहे. सकाळी इब्राहिमखान भाऊंकडे गेला आणि म्हणाला की माझ्या लोकांच्या महिन्याच्या महिन्याला पगाराचा तगादा लावतो म्हणून आपण माझ्यावर रागावत होता, आज बघा ते पैसे फुकट गेले का. मग तो रोहिल्यांवर संगिनी लावून चालून गेला. रोहिल्यांची भयंकर हानी केली. पण आपल्याच बाजूचे स्वार रांग सोडून पुढे घुसले, तोफांचा मारा थांबवावा लागला, आणि शेवटी गारद्यांच्या बहुतेक पलटणी तिथेच कापल्या गेल्या. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला. शुजाच्या गोटातून अब्दालीने त्याला मागून घेतलं, आणि तो कैदेतच संपला.

फौजेतले कितीतरी जण त्याला 'भाडोत्री' म्हणत असतील. जो पगार मागतो तो आपला नव्हे, असं आपल्याला अजूनही वाटतं, घरकामाच्या बाईपासून कचेरीतल्या माणसापर्यंत. इब्राहिमखानाने पगार चोख मागितला आणि काम त्याहून चोख केलं. रक्ताचे, जातीचे, धर्माचे म्हणून ज्यांच्यावर हक्क सांगता आला असता ते बरेचजण त्या दिवशी तिथे नव्हते.

न बोलावलेलेही काही आले. पायाला जखम होऊन पडलेल्या महादजी शिंद्यांना राणेखान नावाच्या भिश्त्याने बैलावर घालून वाचवलं. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानलं आणि सरदार केलं. पानिपतानंतर अकरा वर्षांनी, १७७२ मध्ये महादजींनी शाहआलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत बसवलं. त्या सगळ्याच्या मुळाशी एक पखाल वाहणारा माणूस आहे. त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

आणि सूरजमल. लढाईनंतर उपाशी, उघडे, थंडीने काकडलेले आपले हजारो लोक दक्षिणेकडे पळत निघाले. वाटेत लुटले जात, मारले जात ते जाटांच्या मुलखात पोचले. सूरजमल आणि त्याची राणी किशोरी यांनी त्यांना अन्न दिलं, कपडे दिले, औषधपाणी केलं आणि वाटखर्ची देऊन ग्वाल्हेरकडे पोचतं केलं. अब्दाली जिंकला होता, तो उद्या जाब विचारू शकला असता. ज्यांनी सात वर्षांपूर्वी याच्या किल्ल्याला वेढा घातला होता त्यांचेच हे लोक. तरी दार उघडलं.

आपण दरवर्षी भाऊंनी दिल्लीत काय करायला हवं होतं यावर वाद घालतो. मला वाटतं तो वाद उशिराचा आहे. कुंभेरीच्या वेढ्यात, जयपूरच्या वसुलीत, नजीबाला सोडताना, काशी-प्रयाग मागताना जे होऊन गेलं त्याचा जमाखर्च १७६० मध्ये भाऊंच्या पुढ्यात आला, आणि त्यातलं फारच थोडं त्यांनी स्वतः केलेलं होतं. एवढा जमाखर्च विरोधात असूनही सूरजमल दिल्लीपर्यंत आला आणि नंतर आपल्या लोकांना जेवू घालता झाला, हे मला पानिपताच्या सगळ्या कहाणीतलं सर्वात मोठं आश्चर्य वाटतं. आपल्याकडे भाऊंच्या, विश्वासरावांच्या, दत्ताजींच्या नावाने हळहळणारे पुष्कळ आहेत, असायलाच हवेत. पण पुढच्या जानेवारीत विषय निघेल तेव्हा किशोरी राणीचंही नाव एकदा घ्यावं, एवढंच सांगायचं होतं.